कुलूप जागेवर, फाटक गायब

अक्षर न् अक्षर खरं आहे, हे आधीच सांगून ठेवते. हळू नाही, मोठ्यांदा सांगते, शेजारच्यांनाही ऐकू जाऊ दे. यात तिखटमीठ नाही, ऐकीव नाही, पदरचं काही घातलेलं नाही. एक शब्द जरी खोटा निघाला तर माझी कवळी विहिरीत टाका आणि मला जन्मभर चमच्याने भरवा.

तर ऐका.

१

चार दिवसांची सुट्टी संपून सोमवारी शाळा उघडली, तर शाळेचं मागचं फाटक गायब.

फाटकातून काही गेलं नव्हतं हो, फाटकच गेलं होतं. पुरुषभर उंच, हिरवं, उचलायला चार गडी लागतील असं लोखंडी धूड. त्याच्या जागी आता नुसती हवा आणि पलीकडची गल्ली. आणि गंमत म्हणजे फाटकाची साखळी खांबाला नीट गुंडाळलेली होती आणि साखळीला कुलूप लावलेलं होतं. ओढून पाहिलं, हिसडा देऊन पाहिला, कुलूप पक्कं. म्हणजे चोराने कुलूप उघडलं, फाटक नेलं आणि जाताना कुलूप परत लावून ठेवलं. चांगल्या वळणाचा चोर म्हणायचा.

त्या रिकाम्या जागेसमोर उभी होती टाचणीबाई. तीस वर्षं त्या शाळेत शिवण शिकवलेली. डाव्या खांद्यावर कायम सात टाचण्या, पांढऱ्या मण्याच्या डोक्याच्या. पोराचं बटण तुटलं, लाव टाचणी. नकाशा फाटला, लाव टाचणी. ऑफिसात स्टेपलर होता, पण तो कागदाला चावतो म्हणून ती त्याच्या वाऱ्याला उभी राहायची नाही. सगळी शाळा तिला अहोजाहो करायची. मी करणार नाही. त्या आठवड्यात तिची तेवढी लायकी नव्हती.

मोठ्या बाईंची बदली झाली आणि सगळ्यात जुनी म्हणून शाळेचा कारभार हिच्या गळ्यात पडला. त्याबरोबर आले सरकारी आदेश. दोन वर्षांपूर्वीचा आदेश म्हणत होता, शाळा सुरक्षित करा, मागे फाटक बसवा, दिवसरात्र कुलूप ठेवा. त्याच योजनेत कॅमेरेही आले होते. ते अजून खोक्यातच होते, कारण वायर दुसऱ्या योजनेत येणार होती आणि ती योजनाच बंद पडली. मग यंदाचा आदेश आला, की आग लागली तर मुलं बाहेर पडणार कुठून, शाळेच्या वेळात मागचं फाटक उघडं हवं. आणि गेल्या आठवड्यात तिसरा. योजनेतून घेतलेली प्रत्येक वस्तू तपासनीस येऊन डोळ्यांनी बघणार, तिच्यावरच्या नंबराच्या पट्टीचा फोटो काढणार. वस्तू जागेवर नसेल तर इमारत ‘असुरक्षित’ यादीत. छपराची दुरुस्ती बंद, आणि एकशे चाळीस मुलं हायवेपलीकडच्या मोठ्या शाळेत. सकाळी हायवे ओलांडायचा, दुपारी परत ओलांडायचा. त्यात पहिलीतली बोटभर पोरं.

तपासनीस शुक्रवारी येणार होता.

शाळेचे कारकून, ज्यांना सगळे भाऊसाहेब म्हणायचे, ते कानाशी येऊन म्हणाले की पोलिसांत गेलो तर कागद वर जाईल, आणि शुक्रवारच्या आधीच आपण यादीत. तेव्हा चोर आपणच शोधायचा. बाईला मनातून बरंच वाटलं. गुंता दिसला की तिची बोटं शिवशिवायची.

ती खांबाशी वाकली. फाटक ज्या दोन उभ्या खुंट्यांवर बसायचं, त्या खुंट्यांना ताजं ग्रीस लावलेलं होतं. आणि ग्रीसवर एकेक चिंधी बांधलेली. चिंधीचा रंग खाकी.

२

तिने चिंधी सोडली, उलटी केली आणि उजेडात धरली. दुमडलेली कड, तिच्यावर शेजारीशेजारी दोन टिपा, शेवटी उलटा टाका. ही शिलाई तिची स्वतःची. माणूस आपलं अक्षर एक वेळ विसरेल, आपली शिलाई विसरत नाही, असं ती मुलींना नेहमी सांगायची. या वाक्याने पुढे तिच्या थोबाडीत मारली, पण ते नंतर.

शाळेत खाकी एकाच्याच अंगावर. पहारेकरी, पोरांचा शिट्टीमामा. गणवेशाचं अनुदान बंद झालं तेव्हा बाईनेच त्याला दोन विजारी शिवून दिल्या होत्या. दुसऱ्या पहारेकऱ्याची जागाही वरून रद्द झाली होती, त्यामुळे हा एकटाच, आणि एकटा म्हणून पुढच्या फाटकाशीच बसलेला.

त्या कुलपाच्या किल्ल्या दोन. एक मामाच्या कमरेला, दुसरी ऑफिसातल्या किल्ल्यांच्या डब्यात. बाईने डबा उघडला. किल्ली जागेवर होती. तिच्या दोऱ्यात एक टाचणी खुपसलेली होती, ती बाईने सवयीने उपसली, खांद्यावर खोचली आणि डबा बंद केला. म्हणजे ऑफिसातली किल्ली आहे तिथे आहे. उरली मामाची.

संध्याकाळी घरी गेली तर दाराला आतून कडी. बाहेरून हाक मारली, दार काढ गं.

आतून सुनेचा आवाज आला, “काढते आई. काढून कुठे ठेवू, माळ्यावर का पलंगाखाली?”

ही थट्टा रोजची. बाईच्या माहेरी कडी काढ, कुलूप काढ, तसं दारही काढच म्हणायचे. सून दुसऱ्या बोलीतली, तिला लग्नाच्या दिवसापासून याचं हसू. बाई रोज खोटं रागवायची. त्या दिवशी खरंच रागावली. म्हणाली, माझं फाटक गेलंय आणि तुला थट्टा सुचते.

३

मंगळवारी तिने मागच्या गल्लीतल्या भंगारवाल्याला गाठलं. शंका घेण्यासारखा माणूस, कारण लोखंड दिसलं की त्याचे डोळे लुकलुकायचे. त्याने तिला हाताला धरून गल्लीच्या तोंडाशीच नेलं. पाइपासाठी गल्ली कमरेइतकी खणलेली, वर चालायला दोन फळ्या.

“ताई, आठ दिवस माझीच हातगाडी आत अडकलीय. तुमचं फाटक न्यायला काय घार आली होती?”

खरं होतं. त्या फळ्यांवरून चार माणसांनी फाटक नेलं असतं तर पाचही जण खड्ड्यात सापडले असते. पाचवं ते फाटक.

भाऊसाहेबांना विचारलं. ते चारही दिवस सासुरवाडीला. जाताना वेल्डरला बजावून गेले होते की ऑफिसच्या डब्यातून हव्या त्या किल्ल्या घे आणि जिथल्या तिथे ठेव. वेल्डर सुट्टीत गडी घेऊन खिडक्यांना ग्रिल बसवत होता. अकरा खिडक्या, अकरा ग्रिल, काम झालं, शनिवारी तो दुसऱ्या शाळेच्या कामावर गेला, सही मागाहून झाली. दिवसभर ठोकाठोकी चालू असायची, त्यात कोण कशाचा आवाज ऐकणार.

बाईने मनात धागा ओवला. फाटक गल्लीतून गेलं नाही. म्हणजे पुढून गेलं. पुढे मामा बसतो. मामाकडे किल्ली. मामाची खाकी. मोजके चार टाके आणि कापड पूर्ण. तिला स्वतःच्या हुशारीचं इतकं कौतुक वाटलं की पहिला टाकाच तिने तपासला नाही. फाटक बाहेर गेलं, असं म्हणालं कोण?

तिने मामाला बोलावलं. सुट्टीआधी मी चिठ्ठी ठेवली होती, मागच्या फाटकाचं काय करायचं ते लिहून, त्याप्रमाणे केलंत का, असं विचारलं.

मामा म्हणाला, “चिठ्ठी? मला नाही मिळाली बाई.”

आता ती चिठ्ठी तिने स्वतःच्या हाताने त्या किल्लीच्या दोऱ्याला टाचून ठेवली होती. म्हणजे हा तोंडावर खोटं बोलतो. तिने चिंधी त्याच्यापुढे धरली. ही कुणाची? त्याने नीट पाहिली आणि म्हणाला, माझ्या जुन्या विजारीची दिसते. मग इथे कशी आली? मागे दोरीवर टाकली होती बाई, लागेल त्याला घे म्हटलं होतं, कुणी नेली ठाऊक नाही.

प्रार्थनेची वेळ झाली होती. सगळी शाळा मैदानात रांगेने उभी. मामा काखेत नेहमीची कापडी पिशवी धरून उभा.

बाई म्हणाली, “पिशवी दाखवा.”

४

हे सांगताना मला मधे पाणी प्यावं लागतं.

मामा म्हणाला, इथे नको बाई, ऑफिसात दाखवतो. हे ऐकून तिचा संशय आणखी पक्का झाला. तिने पिशवी घेतली आणि पायरीवर उपडी केली. पिशवीत फाटक असणार नव्हतंच, हे तिलाही कळत होतं. तरी केली.

आतून पडला डबा, एक चष्म्याचं घर, आणि मग रबरं, पेन्सिली, एक फूटपट्टी, एक कंपासपेटी, दोन रिबिनी, एका पायाचा मोजा. रांगेतून तिसरीतली एक मुलगी ओरडली की ती पट्टी माझी आहे. मग दुसरा म्हणाला, ते रबर माझं. आणि मग मागच्या रांगेतून कुणीतरी म्हणालं, “शिट्टीमामा चोर.”

पोरांना एवढंच हवं असतं. सगळं मैदान ताल धरून म्हणायला लागलं.

मामा मैदान झाडताना मुलांच्या पडलेल्या वस्तू गोळा करायचा आणि शनिवारी ज्याच्या त्याला वाटायचा. वर्षानुवर्षं करायचा. बाईला ते माहीत होतं. तिच्या हातून पडलेली कात्रीसुद्धा एकदा त्या पिशवीतूनच परत आली होती. त्या घडीला तिने एवढं म्हणायचं होतं, की पोरांनो गप्प बसा, मामा या वस्तू तुमच्यासाठी जपून ठेवतो. दहा शब्दही नाहीत. तिचं तोंड उघडलं नाही. आपण चुकलो असं दिसेल म्हणून उघडलं नाही.

मामाने एकेक वस्तू पायरीवर ओळीने लावली. मग गळ्यातली शिट्टी काढली आणि कमरेच्या किल्लीबरोबर तिच्या हातात ठेवली.

“विजार तुम्हीच शिवलीत बाई. तुम्हीच उसवलीत.”

आणि तो पुढच्या फाटकातून निघून गेला. त्या दिवशी शाळेला मागे फाटक नव्हतं आणि पुढे पहारेकरी नव्हता. शाळा सुरक्षित करायच्या आठवड्यात बाईने हे साधलं होतं.

५

बुधवारी वर्गात शिरताना पोरं तिला बिचकत होती. कालपर्यंत जवळ येऊन बटण लावून घेणारी पोरं आता दप्तर पोटाशी धरून जायची, न जाणो बाई उपडं करतील. पोरांकडे बघवेना, म्हणून ती मैदानातून इमारतीकडे बघत बसली. नव्या करड्या ग्रिलांकडे. नजर कुठेतरी लावायची म्हणून मोजायला लागली. बारा.

परत मोजली. बारा.

भाऊसाहेब तर म्हणाले होते अकरा. शेवटची कुठली ते तिला लांबून दिसेना, आणि उठून बघायला अंगात त्राण नव्हतं. ऑफिसात आली तर टेबलावर शिट्टी पडलेली होती. तिच्याकडे पाठ करून बसली तरी ती दिसायची.

संध्याकाळी घरी आली. दार काढ गं, म्हणाली, पण आवाज असा की सुनेला दोनदा विचारावं लागलं कोण आहे.

“आई, आज कुठे ठेवू ते सांगितलंच नाहीत,” सून दारातून म्हणाली. “एक दिवस खरंच बिजागऱ्या सोडून दार काढून ठेवीन हां.”

बाई उंबऱ्यावरच थिजली.

सून घाबरली. म्हणाली, आई, गंमत केली, आत तरी या. बाई आत आली नाही. तिने खांद्यावर हात नेला आणि टाचण्या मोजल्या. सात असायच्या. आठ होत्या. आठवी कुठून आली? सोमवारी ऑफिसातल्या डब्यातून आली, किल्लीच्या दोऱ्यातून आली. पांढऱ्या मण्याची टाचणी त्या शाळेत दुसरं कोण वापरतं? चिठ्ठी तिनेच टाचली होती. टाचणी राहिली आणि चिठ्ठी कुणीतरी काढून घेतली. ती मामाला मिळाली नाही, कारण तिने ती मामाच्या किल्लीला टाचलीच नव्हती. ऑफिसातल्या किल्लीला टाचली होती.

तपास करणारीने पहिल्याच दिवशी पुरावा उपसून स्वतःच्या खांद्यावर लावला होता आणि तीन दिवस गावभर मिरवला होता.

चिठ्ठीत काय लिहिलं होतं, तेही आता तिला लख्ख आठवलं. तिने सुनेला सांगितलं की जेवायला थांबू नका, मला भूक नाही.

६

गुरुवारी सकाळी ती सरळ व्हरांड्याच्या टोकाला गेली, सहा नंबरच्या खोलीकडे. या खोलीची भिंत दोन वर्षांपूर्वी ढासळली होती. धोका अशी पाटी लागली, दोरी बांधली, आणि दुरुस्ती होईपर्यंत तिकडे कुणी फिरकायचं नाही असं ठरलं. त्या भगदाडावर आता बारावं ग्रिल होतं. पुरुषभर उंच. बाकीच्यांसारखंच करडं, पण नखाने खरवडलं तर खाली हिरवं. आत हात घालून चाचपलं तर मागच्या अंगाला पट्टी, पट्टीवर नंबर.

फाटक शाळेबाहेर गेलंच नव्हतं. चार दिवस ते सगळ्या शाळेच्या डोळ्यांसमोर होतं.

भाऊसाहेबांनी फोन केला तसा वेल्डर तासाभरात आला. पोरगेलासा, हसरा, डोळे ठिणग्यांनी लाल. बाईने फक्त चिठ्ठी मागितली. त्याने कामाच्या कागदांच्या पुडक्यातून काढून दिली. टाचणीची दोन भोकं, आणि खाली बाईचं वळणदार अक्षर. ‘मागचं फाटक काढून ठेवावे. सहा नंबरमध्ये मुलं जाऊ नयेत अशी सोय करावी.’

“मॅडम, डब्यात किल्लीला लावलेली होती, मला वाटलं आमच्यासाठीच. फाटक काढलं. मग म्हटलं ठेवायचं कुठे? खाली सोय लिहिलेलीच होती. एका दगडात दोन कामं झाली. रंग बाकीच्यांना मॅचिंग दिला, त्याचं वेगळं काही लावलं नाही.”

भाऊसाहेब म्हणाले, अरे, काढून ठेवा म्हणजे उघडं ठेवा.

“आमच्याकडे काढणं म्हणजे काढणं,” तो म्हणाला. आणि कुलूप? ते हरवू नये म्हणून साखळीला लावलं. खुंट्यांना ग्रीस? परत कधी बसवायचं झालं तर गंज नको. आणि ती खाकी चिंधी? “मामांनीच सांगितलं होतं, दोरीवरची जुनी विजार आहे, रंग पुसायला काही लागलं तर घे. भले माणूस आहेत. कुठे आहेत आज?”

बाईने चिठ्ठीची घडी घातली.

दुपारपर्यंत फाटक खुंट्यांवर बसलं. शुक्रवारी तपासनीस आला, किडकिडीत, फोन घेऊन. पट्टीचा फोटो काढला, फाटक उघडं आहे असं लिहिलं. सहा नंबरपाशी थांबून म्हणाला की इथे नुसती दोरी? एखादं फाटक तरी लावायचं. भाऊसाहेबांना ठसका लागला. छपराचं काम मंजूर झालं, पोरं हायवे ओलांडण्यातून वाचली.

आणि शनिवारी सकाळी, सगळी शाळा रांगेत उभी असताना, टाचणीबाईने मामाला हाताला धरून पायरीवर आणलं. त्याची पिशवी स्वतःच्या खांद्यावर घेतली. शिट्टी त्याच्या गळ्यात घातली. आणि मोठ्यांदा म्हणाली, “चोर कुणीच नव्हतं. चिठ्ठी माझी, चूक माझी. मामांवर आळ मी घेतला आणि तुम्ही ओरडत होतात तेव्हा मी गप्प राहिले. ते सगळ्यात वाईट केलं.” तिसरीतली ती मुलगी पुढे आली आणि पट्टी मामाच्या हातात देऊन म्हणाली, शनिवार आहे, आता तुम्ही द्या. सगळं मैदान टाळ्यांनी दणाणलं.

झाली गोष्ट.

काय बघता असे? बरं. कवळीला हात लावणार नसाल तर सांगते. हे शेवटचं, रांगेसमोरचं, तेवढं मी पदरचं घातलं. तसं व्हायला हवं होतं म्हणून घातलं.

झालं ते असं. गुरुवारी संध्याकाळी ती मामाच्या घरी गेली. दारातच उभी राहिली. आत त्याची बायको नळाखाली भांडी घासत होती, आणि त्या आवाजात ऐकू जाईल न जाईल इतक्या हळू ती म्हणाली की माझं चुकलं. मामा म्हणाला, बरं. सोमवारी कामावर आला. शनिवारी रांग भरली, बाई पायरीवर चढली, आणि स्वच्छ नखांबद्दल बोलून खाली उतरली.

मामाने पोरांच्या वस्तू गोळा करणं सोडलं. पोरांना खरं काय ते कुणी सांगितलंच नाही, त्यामुळे तो निवृत्त होईपर्यंत मागची पोरं पुढच्या पोरांना शिकवत राहिली, हा चोरमामा. बाईला रोज ऐकू यायचं. म्हणून तर आता जो भेटेल त्याला धरून बसवते आणि मोठ्यांदा सांगते. तिथे सांगायचं होतं तेव्हा नाही सांगितलं.

बाकी सगळं खरं आहे. टाचण्या खोट्या वाटत असतील तर हा घ्या खांदा, मोजून बघा. आठवी अजून तिथेच आहे.